सालोमालोंची झेरॉक्स

गेल्या आठवड्यात आमच्या टेबलावर एक स्पायरल बांधणीची वही येऊन पडली. आहुप्याच्या खोऱ्यातल्या एका मुलीची ती वही. भीमाशंकरच्या डोंगरकुशीतून एसटीने खाली उतरून ही मुलगी संगीताच्या क्लासला येते. तिला प्रवेशिकेची परीक्षा द्यायची आहे. क्लासची फी भरून झाल्यावर या वहीचे वेगळे पैसे तिच्या बापाने मोजले आहेत. आत तीन-चार निरनिराळ्या पुस्तकांतल्या स्वरलिप्या एकापाठोपाठ लावलेल्या. कुठे तालाच्या मात्रा कडेला कापल्या गेल्या आहेत, कुठे सम कोणत्या मात्रेवर ते कळत नाही. परंतु एक काम मात्र फार निगुतीने केलेले आहे. प्रत्येक पानाच्या माथ्यावर जिथे मूळ पुस्तकाचे आणि रचनाकाराचे नाव होते, तिथे कोऱ्या कागदाची पट्टी ठेवून प्रत काढली आहे. मुखपृष्ठावर क्लासचे नाव, मोबाइल नंबर आणि संचालकांचा हसरा फोटो.

ती पट्टी आमच्या डोळ्यांपुढून हलत नाही. झेरॉक्सच्या यंत्राला कुणाचे नाव खोडता येत नाही. त्याला माणसाचा हात लागतो. या हाताने कात्री घेतली, पट्टी कापली, पान काचेवर पालथे घालताना ती नेमकी नावावर बसेल अशी सरकवली, आणि शंभरावर पाने होईपर्यंत तो हात एकदाही थबकला नाही. हा हात शिक्षकाचा आहे! गुरूचे नाव घेताना कानाच्या पाळीला बोट लावावे हे मुलांना शिकवणारा हाच हात. मग आम्ही विचारतो, नावच पट्टीखाली गाडले असेल तर या मुलीने कानाला बोट लावायचे ते कोणाच्या नावाने?

ही चोरी महाराष्ट्राला नवी नाही. तुकोबांच्या हयातीतच सालोमालो निघाले होते. तुकोबांचे अभंग घ्यायचे, थोडे मोडायचे, शेवटच्या चरणातली नाममुद्रा काढून तिथे आपले नाव बसवायचे आणि टाळ-मृदंगाच्या गजरात ते आपलेच म्हणून गायचे, हा त्यांचा धंदा. एरवी सोसण्याचा कळस केलेल्या तुकोबांनी या माणसांची नावे घेऊन त्यांना गाथेत खडसावले आहे. संताला संपत्तीचा लोभ नव्हता, पण आपल्या शब्दाची मोडतोड आणि आपल्या नावाची पुसापुशी त्यांनी खपवून घेतली नाही. अभंगाच्या शेवटी कर्त्याचे नाव येते ते काय केवळ यमक जुळावे म्हणून? तीच आपली सर्वांत जुनी नोंदणी, आणि तिच्यासाठी कुठल्या सरकारी कचेरीत अर्ज करावा लागला नव्हता.

आणि त्याच काळात, त्याच मुलखात, दुसरा एक माणूस तुकोबांचे अभंग उतरवून घेत होता. चाकणचे संताजी जगनाडे. घाण्यावर तेल गाळणाऱ्या या माणसाने वह्या भरल्या, आणि परंपरा सांगते की गाथा इंद्रायणीत बुडवली गेली तरी संताजींसारख्यांच्या लेखणीमुळे आणि पाठांतरामुळे ती लोकांत जिवंत राहिली. पुण्याहून भीमाशंकरला निघालेला यात्रेकरू या चाकणवरूनच पुढे येतो. इंद्रायणी तुळापूरला भीमेत मिसळते, आणि ती भीमा उगम पावते आमच्या देवळापाशी. म्हणजे ही कथा परक्या मुलखातली नाही, आमच्याच पाण्यातली आहे.

सालोमालोही नक्कल करीत होते, संताजीही नक्कलच करीत होते. एकाने नाव पुसून गाणे पळवले, दुसऱ्याने नाव राखून गाणे तारले. आज मंचर, घोडेगाव, जुन्नर, नारायणगावच्या एसटी स्टँडांसमोर जी झेरॉक्सची यंत्रे दिवसभर धडधडतात, त्यांतून या दोन्ही जातींच्या प्रती बाहेर पडत आहेत. आमचा संताप यंत्रावर नाही. आमचा संताप असा की, या दोहोंतला फरक ज्यांना कळायला हवा त्या शिक्षकांनी, संस्थांनी आणि सरकारने तो कळून घेण्याची तसदी घेतलेली नाही!

कायदा काय म्हणतो ते क्लासवाल्यांनी कधी वाचले आहे का? काही जण म्हणतात, ‘झेरॉक्स म्हणजे गुन्हा’, आणि मुलाला दोन पानेही काढू देत नाहीत. बाकीचे छातीठोकपणे सांगतात, ‘शिक्षणाला सगळे माफ’, आणि अख्खी पुस्तके यंत्राखाली घालतात. दोघेही अडाणी. १९५७च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ५२ उघडून पाहा. शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने शिकवण्याच्या ओघात एखाद्या कृतीची प्रत काढली तर तो भंग ठरत नाही, असे तिथे लिहिले आहे. स्वतःच्या अभ्यासासाठी वाजवी वापर करण्याची मुभाही आहे. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या एका झेरॉक्सच्या दुकानावर ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या बलाढ्य प्रकाशकांनी २०१२ साली दावा लावला. सप्टेंबर २०१६मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तो फेटाळला. त्याच डिसेंबरात दोन न्यायमूर्तींच्या पीठाने काही मुद्दे पुन्हा तपासायला पाठवले, पण शिकवण्याच्या कामाला जितके लागेल तितके उतरवून घेता येते हे तत्त्व उचलून धरले. पुढच्या वर्षी प्रकाशकांनी दावाच मागे घेतला. दिल्लीचा निकाल मुंबई उच्च न्यायालयाला बांधत नाही हे खरे, परंतु कलम साऱ्या देशाला एकच आहे. तेव्हा गुरुजींनो, यमनची एक बंदिश शिकवताना वर्गातल्या दहा मुलांना दहा कागद खुशाल द्या. कायदा तुमच्या पाठीशी उभा आहे आणि आम्हीही आहोत.

पण ही शिकवण्यापुरती सवलत आहे. दुकान मांडण्याचा परवाना हा नव्हे. जिवंत हक्क असलेले पुस्तक अथपासून इतिपर्यंत उतरवायचे, त्याला स्पायरल घालायची, वर नफा चढवायचा आणि आल्यागेल्याला विकायचे, हे या कलमात कुठेही बसत नाही. ते कलम ६३मध्ये बसते. तिथे सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड सांगितला आहे. आणि नाव पुसणे? कलम ५७ सांगते की हक्क विकून टाकल्यावरही ‘ही कृती माझी’ असे म्हणण्याचा कर्त्याचा अधिकार त्याच्यापाशीच राहतो. म्हणजे ज्या पट्टीची कुणी दखल घेणार नाही असे या संचालकांना वाटले, ती पट्टी स्वतंत्रपणे अन्याय आहे.

आता या चित्राची दुसरी बाजू पाहा, कारण ती अधिक लाजिरवाणी आहे. पंडित विष्णु नारायण भातखंडे १९३६ साली गेले. ज्या काळी उस्ताद आपली चीज पोटच्या पोरालाही पुरती देत नसत, त्या काळी वकिली शिकलेला हा माणूस रामपूर, ग्वाल्हेर, जयपूर असे देशभर हिंडला, घराण्यांच्या कुलूपबंद पेट्या उघडायला लावल्या आणि त्यांतले धन मराठीत ‘क्रमिक पुस्तक मालिके’त छापून सामान्य माणसाच्या हाती ठेवले. त्यांच्या मूळ मराठी ग्रंथांवरचा स्वामित्वहक्क केव्हाच संपला आहे. ते ग्रंथ आज आहुप्याच्या मुलीचे जेवढे, तेवढेच मुंबईच्या शेठजींचे. तिने ते संबंध उतरवावेत, विकावेत, वाटावेत, कुणालाही हरकत घेता येणार नाही. विष्णु दिगंबर पलुसकर १९३१ साली गेले. त्यांच्या पुस्तकांचेही तेच. मग ही पुस्तके स्वच्छ छापून, दर तालुक्याला, दर आश्रमशाळेला का पोचली नाहीत? ज्याला मोकळे होऊन दशके लोटली त्या धनावर आपल्या अज्ञानाचे कुलूप, आणि ज्याचे धनी अजून हयात आहेत किंवा ज्यांचे वारस हयात आहेत त्या घरावर दरोडा! उलटा न्याय याहून वेगळा काय असतो?

कर्त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे, एवढा साधा हिशेब आहे, तोही मृत्यूच्या पुढल्या वर्षारंभापासून मोजायचा. विनायकराव पटवर्धन १९७५ साली गेले, म्हणून त्यांच्या ‘रागविज्ञाना’चा हक्क २०३५ अखेरपर्यंत. कुमार गंधर्व १९९२ साली गेले, म्हणून ‘अनूपरागविलासा’तल्या त्यांच्या स्वतःच्या बंदिशींचा हक्क २०५२ अखेरपर्यंत. प्रभाताई अत्रे जानेवारी २०२४मध्ये आपल्यातून गेल्या. कायद्याची पदवी घेतलेली ही गायिका आपल्या रचना स्वरलिपीसह ग्रंथरूपाने ठेवून गेली. त्यांचा हक्क २०८४ अखेरपर्यंत जिवंत आहे. सदारंग-अदारंग या जुन्या ख्यालकारांच्या चिजा मात्र कुणाच्याही मालकीच्या नाहीत. त्या कुणी आपल्या पुस्तकात छापल्या म्हणून त्या त्याच्या झाल्या नाहीत. त्याचे आहे ते त्याने केलेले लेखन, टीप, मांडणी. चौथीच्या मुलाला जमेल अशी ही बेरीज. ती न करता वर्षानुवर्षे क्लास चालवणाऱ्याला आम्ही संगीतशिक्षक कसे म्हणावे?

आणि विद्येची काय दशा होते पाहा. भातखंडे पद्धतीत कोमल स्वराखाली आडवी रेघ असते; मंद्र सप्तकाला खाली टिंब, तार सप्तकाला वर टिंब. आमच्यापुढच्या वहीत भैरवाच्या पानावर रिषभाखालची रेघच उमटलेली नाही. यंत्राच्या काचेवरचा धुळीचा कण एका पंचमाच्या डोक्यावर टिंब होऊन बसला आहे. प्रतीची प्रत, तिची प्रत, तिची प्रत; पाचव्या पिढीला भैरवाचा कोमल रिषभ शुद्ध झाला! ही मुलगी परीक्षकापुढे बसून तो तसाच गाईल, आणि शेरा तिच्या गळ्यावर बसेल. त्या दिवशी पट्टी ठेवणारा हात कुठे असेल?

कोणी म्हणेल, गरिबाच्या पोरीने महाग पुस्तक आणायचे कुठून? हा प्रश्न आम्हांला मान्य आहे, नव्हे, आमच्या काळजाचा आहे. पण तो विचारण्याचा अधिकार त्या मुलीचा. तिच्याकडून वहीचे जादा पैसे उकळणाऱ्याचा नव्हे. तिच्या गरिबीची ढाल पुढे करून जो स्वतःचा गल्ला भरतो त्याने गरिबांचा कैवार घेऊ नये. गरिबासाठी कायद्याने दार उघडे ठेवले आहे, आणि त्या दारातून आजवर आंबेगाव आणि जुन्नर या आमच्या दोन तालुक्यांतले कोणी आत गेल्याचे आमच्या ऐकिवात नाही. कलम ५२मध्येच म्हटले आहे की, जे पुस्तक भारतात विक्रीला मिळत नाही त्याच्या तीनपर्यंत प्रती नफा न कमावणाऱ्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या प्रमुखाने ग्रंथालयाच्या वापरासाठी काढून घेतल्या तर तो भंग नव्हे. आणि ‘पुस्तक’ या शब्दात काय काय येते हे सांगताना कायद्याने संगीताच्या स्वरलिपीच्या कागदाचे नावच घेतले आहे! १९६७पासून महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे. गावोगावची ग्रंथालये अनुदान घेतात. त्या अनुदानातून कादंबऱ्या येतात, दिवाळी अंक येतात. बाजारातून नाहीशा झालेल्या स्वरलिपीच्या एका पुस्तकाच्या तीन प्रती काढून कपाटात ठेवा, हे सुचायला कोणता आयोग बसवायचा आहे? ज्या प्रकाशकांना पुस्तक पुन्हा छापायचे नाही आणि कुणाला उतरवूही द्यायचे नाही, त्यांनाही आम्ही बजावतो. धान्य कोठारात कुजवणारा सावकार आणि तुम्ही यांच्यात आम्हांला फरक दिसत नाही.

परीक्षा घेणाऱ्या मंडळांना तर आमचा जाब अधिक कडक आहे. अभ्यासक्रम तुम्ही ठरवता, परीक्षेचे शुल्क तुम्ही घेता, प्रमाणपत्रे तुम्ही देता. मग नेमलेल्या रागांच्या मोकळ्या झालेल्या बंदिशींची शुद्ध, स्वस्त छापील पुस्तिका डोंगरातल्या विद्यार्थ्याच्या हातात पडेल अशी व्यवस्था करणे कोणाचे काम? नव्या रचना नेमायच्या असतील तर रचनाकाराला मानधन द्या आणि त्या अधिकृतपणे छापा. ही वाट खुली असती तर पट्टी कापणाऱ्या कात्रीला गिऱ्हाईक मिळाले नसते.

या साऱ्याची मुळे मात्र क्लासच्या खोलीपेक्षा खोल गेली आहेत. भीमाशंकरच्या पूर्वेला आमचे नारायणगाव. तमाशाची पंढरी म्हणून ते मिरवते. यात्रांचा हंगाम जवळ आला की तिथे फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावच्या यात्रा कमिट्या येतात, बोली होते, सुपारी ठरते. याच गावाचे नाव विठाबाई भाऊ मांग नारायणगावकरांनी आडनावासारखे मिरवले. १९५७ आणि १९९० साली त्यांचा राष्ट्रपतींकडून गौरव झाला. २००२ साली त्या गेल्या तेव्हा दवाखान्याचे बिल भागवायला लोकांना वर्गणी काढावी लागली. आता सरकार त्यांच्या नावाने दर वर्षी जीवनगौरव देते. आणि पठ्ठे बापूराव! ज्यांच्या लावण्यांवर कित्येक फड जगले ते १९४५ साली पुण्यात दारिद्र्यात गेले.

या दैन्याला केवळ नशीब जबाबदार नव्हते. १९५७च्या त्याच कायद्यात संगीतकृतीची व्याख्या कशी होती ते ऐका. छापलेली, लिहिलेली किंवा कुठल्याशा चिन्हांनी कागदावर उतरवलेली स्वररचना म्हणजे संगीतकृती! जी चाल कागदावर चढली नाही ती कायद्याला ऐकूच येत नव्हती. फडातल्या बाईने बोर्डावर उभ्या उभ्या बांधलेली चाल, ढोलकीवाल्याने रात्रीत फिरवलेला मुखडा, पेटीवाल्याने वगात घातलेली जागा, यांपैकी कशालाही या देशाच्या कायद्यात जागा नव्हती. स्वरलिपी लिहिता येणाऱ्याला हक्क, गळ्यात धरून ठेवणाऱ्याला टाळ्या. ही व्याख्या बदलायला १९९४ साल उजाडले. गाणाऱ्या-वाजवणाऱ्याचा स्वतंत्र हक्क कायद्यात आला तोही त्याच दुरुस्तीने. सदतीस वर्षे! तेवढ्यात तमाशाच्या किती पिढ्या राहुटीत जन्मल्या आणि राहुटीतच संपल्या. आज कायदा बदलला, पण आमची रीत बदलली का? फडाच्या हँडबिलावर मालकाचे नाव ठळक असते, नाचणारणीचा फोटो असतो; वग लिहिणाऱ्याचे नाव भिंग घेऊन शोधावे लागते. यात्रा कमिट्यांनो, सुपारी देताना एक अट घाला. वगाचा लेखक आणि लावणीचा कर्ता यांचे नाव फलकावर आल्याशिवाय इसार मिळणार नाही. त्याला पैसा लागत नाही.

डोंगरावरच्या महादेव कोळ्यांच्या गाण्यांचे तर बोलायलाच नको. लग्नातली, सणावारांची, देवादिकांची ही गाणी कुणा एकाची नाहीत, म्हणून कायदा ती कुणाचीच नाहीत असे मानतो. पावसाळ्यात शेकरू पाहायला आलेले पाहुणे मोबाइल काढतात, म्हातारीला गायला लावतात, आणि ते गाणे कुणाच्या तरी चॅनेलवर कुणाच्या तरी नावाने फिरू लागते. हे असेच व्हावे लागते असे मुळीच नाही. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ या अभ्यासकांनी जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, एक लाखाहून अधिक. हजारो बायांपैकी ओवी कोणी सांगितली, ती कोणत्या गावची, हे त्यांनी ओवीच्या बरोबर टिपून ठेवले. कोणत्या कलमाने त्यांना तसे करायला भाग पाडले होते? कुठल्याच नाही. घोडेगावला एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाची कचेरी आहे. तिने आश्रमशाळांतल्या मुलांकडून आपापल्या आज्यांची गाणी नाव-गावासह उतरवून घ्यावीत आणि छापावीत, आणि त्या पुस्तकाचा पैसा त्याच वाड्यांना जावा. आम्ही हे पुन्हा पुन्हा मागत राहू.

बाळहिरड्याला भाव मिळावा म्हणून मोर्चे काढणारा हा आमचा मुलूख आहे. रानात उन्हातान्हात वेचलेल्या हिरड्याची किंमत व्यापाऱ्याने पाडली की ती लूट आहे हे इथल्या पोरासोरांना कळते. परदेशी कापडाच्या लॉरीपुढे देह टाकणारे बाबू गेनू याच आंबेगावच्या महाळुंगे पडवळचे. श्रमाची किंमत आणि मानाची किंमत कळायला आम्हांला बाहेरून पंडित आणावे लागत नाहीत. मग रात्र रात्र जागून बांधलेली बंदिश ही वेचणी नाही काय? तिला भाव का नको, आणि भाव देणे शक्य नसेल तर निदान नाव का नको? देवळातल्या भजनाला, विनातिकीट हौशी कार्यक्रमाला, खऱ्या धर्मविधीला कायदा आडवा येत नाही. भजनी मंडळांनी खुशाल गावे. भीमाशंकरच्या पायऱ्यांलगतच्या दुकानांत मात्र अलीकडच्या कवींची भक्तिगीते कर्त्याच्या नावाशिवाय छापलेल्या पुस्तिका हारीने मांडलेल्या आम्ही पाहिल्या आहेत. महादेवाच्या दारात चोरीचा माल मांडायला हात धजतात तरी कसे?

ही वही आम्ही मुलीला परत देत आहोत. मूळ पुस्तके मिळवून, पानामागून पान ताडून, जिथे जिथे पट्टी होती तिथे आम्ही पेन्सिलीने नाव लिहिले आहे. भैरवाच्या रिषभाखाली रेघ ओढली आहे, पंचमाच्या डोक्यावरचे टिंब खोडले आहे. एकवीस पाने उरली. त्यांचे कर्ते आम्हांला सापडले नाहीत. ते क्लासच्या संचालकांना ठाऊक आहेत, कारण पट्टी ठेवण्यापूर्वी त्यांनी ती नावे वाचलेली आहेत. त्यांनी ती एकवीस नावे आमच्या कचेरीत कळवावीत. मुलीची परीक्षा जवळ आली आहे.